प्रज्ञा मोबाईलचा पासवर्ड

"भाऊ, माह्या फोनात कोनीतरी बसलं हाय."

सुनंदाबाईंनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला हसू आलं. ढाणकीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं लोक फोनबद्दल काय काय सांगतात! एकानं फोनला नजर लागली म्हणून लिंबू उतरवून आणला होता. बघितलं तर चार्जिंगची पिन वाकलेली. त्यामुळे हातातलं सोल्डरिंग न ठेवताच मी म्हणालो, "बसलं असंन तं काढून देतो ताई. झालं काय?"

"फोटो गायब होऊन राह्यले. काल काढलेले आज नाहीत."

"मेमरी कार्ड खराब असंन."

"कार्ड नाहीच त्याच्यात."

"मंग पोराईनं उडवले असतीन."

"घरात पोरं नाहीत जी. अन् सारे फोटो नाही जात. भाचीच्या लग्नाचे हायेत, शेळीचे हायेत. फक्त बाटलीचे जातात."

मी सोल्डरिंग खाली ठेवलं.

बाटली म्हणजे फवारणीच्या औषधाची. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं तर आत माणूस दिसत नसे, नुसता पंपाचा आवाज येई. वर मारलेलं औषध पानांवरून फिरून तोंडावर पडायचं. अळी मरेना म्हणून लोक एकात दुसरं मिसळत होते. आमच्या जिल्ह्यात फवारणी करणारी माणसं दवाखान्यात भरती व्हायला लागली ती त्याच हंगामात. सुनंदाबाईंचे मालक देविदास रोजीनं दुसऱ्यांच्या शेतात फवारायला जात. एका दुपारी ते घरी आले आणि म्हणाले, सगळं पांढरं दिसतं. त्यानंतर त्यांना हातभर अंतरापलीकडचं दिसेना.

आसपासच्या गावांत असे आणखी काही जण होते. सगळ्यांनी मारलेलं औषध एकाच दुकानातलं, आमच्या बाजार रस्त्यावरच्या बंडूशेठच्या कृषी केंद्रातलं. लेबल एका औषधाचं, आत भलतंच काहीतरी, असं ढाणकीत सगळे बोलायचे. पण बोलायचे ते आपापल्या घरात, दार लावून. आता उमरखेडच्या विश्रामगृहात चौकशी समिती बसणार होती. गुरुवारी, अकरा ते चार. समितीला दवाखान्याचे कागद हवे होते आणि औषध शिल्लक असलेली बाटली हवी होती, बॅच नंबरासकट. नुसत्या फोटोवर भागणार नव्हतं. बाटलीतलं औषध तपासायला पाठवायचं होतं.

सुनंदाबाई दहावी शिकलेल्या. बचत गटाच्या अध्यक्ष. हे काम त्यांनी अंगावर घेतलं. गावोगाव जायचं, घरात उरलेली बाटली शोधायची, लेबलाचा फोटो काढायचा आणि सांगायचं, "सांभाळून ठेवा, गुरुवारी घेऊन जाईन." विषाची बाटली बरोबर घेऊन चार गावं कशी फिरणार? पण दुसऱ्याच दिवशी बंडूशेठचा माणूस त्या गावात हजर. "जुनी बाटली द्या, नवी फुकट घ्या." शेजारच्या घरी ही स्कीम नाही, समोरच्या घरी नाही. फक्त त्याच घरी.

"चार गावं झाले भाऊ. चारही बाटल्या गेल्या. आता एकच राह्यली. तिचा मी फोटो काढला नाही, म्हून राह्यली."

हे त्या बुधवारी दुपारी सांगत होत्या. समिती दुसऱ्या दिवशी होती.

मी फोन हातात घेतला. हेरगिरीचं ॲप असेल असं मला वाटलं. असली ॲप असतात. फोन पाच मिनिटं दुसऱ्याच्या हातात गेला की टाकता येतात. ती स्वतःचं चित्र दाखवत नाहीत, 'सिस्टीम सर्व्हिस' असलं साळसूद नाव घेऊन आत बसतात. पण नाव बदललं तरी पोट लपत नाही. कोणतं ॲप किती नेट खातं, कुणाला माईकची परवानगी आहे, कुणाला कॅमेऱ्याची, कुणाला लोकेशनची, म्हणजे फोन कुठं आहे ते बघण्याची, याची यादी सेटिंगमध्ये मिळते. मी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. कॉल दुसरीकडे वळवलेत का तेही पाहिलं. काही नाही. फोन तांदळासारखा स्वच्छ.

तासभर गेला होता. बाकीचं काम पडून होतं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर फोनचा नाही, बाईंचा आला. वीस वर्षं मी सर्किटं उघडतोय. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग मोबाईल. मला सापडत नाही म्हणजे नाहीच, असा माझा समज होता. "ताई, तुमाले भास होऊन राह्यला," हे वाक्य माझ्या ओठावर आलं होतं.

ते गिळलं आणि शेवटचं म्हणून खातं उघडून पाहिलं.

हे जरा सोपं करून सांगतो. स्मार्टफोन सुरू करायला एक मेल आयडी लागतो. तेच फोनचं खातं. तुम्ही काढलेला फोटो त्या खात्यावर आपोआप चढतो. फोन कुठं आहे तेही खात्याला कळतं. म्हणजे फोन तुमच्या खिशात असला, तरी त्याची सावली त्या खात्यात पडलेली असते. ज्याच्याकडे खात्याचा पासवर्ड, त्याला ती सावली घरबसल्या दिसते. त्यानं तिथून फोटो पुसला की तुमच्या फोनातूनही जातो. त्यासाठी तुमच्या फोनला हातसुद्धा लावावा लागत नाही.

हे खातं कुठकुठल्या फोनवर उघडलेलं आहे, त्याचीही यादी असते. सुनंदाबाईंच्या खात्यावर दोन फोन होते. एक त्यांचा, साधा. दुसऱ्याचं मॉडेल माझ्या ओळखीचं होतं. तसले महागडे फोन मी ढाणकीत दोनच विकले होते. एक डॉक्टरांना आणि दुसरा बंडूशेठला.

पुसलेले फोटो कचऱ्याच्या टोपलीत काही दिवस राहतात. तीही रिकामी केलेली होती. मेलच्या डब्यात मात्र एक इंग्रजी पत्र न उघडलेलं पडलं होतं. तुमच्या खात्यात नव्या फोनवरून कुणीतरी आलंय, ते तुम्हीच आहात का, असं विचारणारं. तीन आठवड्यांपूर्वीचं. आमच्याकडे मेल आयडी फोन सुरू करण्यापुरता असतो. त्यात पत्रंही येतात हे कुणाला माहीत?

आता खातं त्याच्या हाती लागलं कसं, हे मला शोधावं लागलं नाही.

सुनंदाबाईंचं खातं मीच काढून दिलं होतं. ढाणकीतल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या निम्म्या लोकांचं मीच काढलं होतं. गिऱ्हाईक नवा फोन घेतं, काचेवर ठेवतं आणि म्हणतं, "द्या चालू करून." पासवर्ड काय ठेवू विचारलं तर म्हणतं, "तुमीच ठेवा जी, आमाले कायले पाह्यजे?" आणि महिन्याभरात विसरल्याची तक्रार घेऊन पुन्हा माझ्याचकडे. म्हणून मी एक युक्ती केली होती. दुकानाला माझ्या मुलीचं नाव आहे, प्रज्ञा मोबाईल. सगळ्यांचा पासवर्ड प्रज्ञा, आणि पुढं त्या माणसाच्या फोन नंबरातले शेवटचे चार आकडे. मेल आयडी त्याचं नाव आणि तोच नंबर. कुणी विसरलं तरी मी झोपेतही सांगू शकेन. फोन नंबर तर गावात सगळ्यांचा सगळ्यांकडे असतो. याचा अर्थ काय होतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

ही युक्ती मी बंडूशेठला सांगितली होती. नुसती सांगितली नव्हती, मिरवली होती. वर्षभरापूर्वी आठवडी बाजारात त्याचा तो महागडा फोन हरवला. तो घामाघूम होऊन माझ्याकडे आला. मी त्याच्या खात्यात शिरलो आणि 'फोन शोधा' ही सोय उघडली. नकाशावर ठिपका दिसला. मग वाजवण्याचं बटण दाबलं. हे बटण दाबलं की फोन सायलेंटवर असला तरी पूर्ण आवाजात बोंबलत सुटतो. मिरचीवाल्याच्या पोत्याखालून फोन ओरडायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही भर बाजारात छाती काढून सांगितलं, "शेठ, पासवर्ड ध्यानात ठेवायची गरजच नाही. माह्याकडचे सारे एकाच सुतातले हायेत." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सुनंदाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. व्हायरस होता, काढला, असं सांगून मी मोकळा होऊ शकत होतो. मनात आलंही होतं. पण माझं तोंडच खोटं बोलण्यासारखं राहिलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी मान वर करून दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. "म्हन्जे किल्ली तुमीच देली त्याले."

"हाव."

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी घाईघाईनं पासवर्ड बदलायला बोट पुढं केलं, तर त्यांनी फोनच ओढून घेतला.

"थांबा. आता बदलला तं त्याले समजन का आपल्याले समजलं. मंग थो रातीतून सारे घरं पालथे घालीन. पाहू द्या त्याले. उद्या सकाळी मी गाडीनं येते, फोन तुमच्याकडं दुरुस्तीले ठेवते. त्याले दिसन का बाई ढाणकीत मोबाईलच्या दुकानात बसली हाय. तवापावतर मी आपलं काम करते."

"बाटली हाय कुठी?"

"तुमाले सांगून काय करू भाऊ? तुमच्याच दुकानातून तं सारं गेलं."

मला ते लागलं. पण त्यात खोटं काय होतं? पायरी उतरता उतरता त्यांनी विचारलं, "महागावची गाडी सकाळी किती वाजता हाय जी?"

"दहाले."

"बरं झालं. माही मावशी हाय तिकडं," असं म्हणून त्या गेल्या.

गुरुवारी साडेनऊला त्या आल्या. फोन काचेवर ठेवला. "चार वाजेपावतर चालू ठेवजा," एवढंच बोलल्या, तोंडाला रुमाल बांधला आणि कापूस वेचायला निघालेल्या बायांच्या घोळक्यात मिसळून गेल्या. मी फोन चार्जिंगला लावून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर बंद केला.

त्या दिवशी माझ्या हातून एक काम धड झालं नाही. स्क्रू हातातून निसटत होते. रस्त्यावर जीप वाजली की बंडूशेठचीच समजून मी बाहेर बघायचो. बंडूशेठ काही मारामारी करणारा माणूस नाही. तो गोड बोलतो. पण त्याच्याबद्दल वाईट बोललेल्या माणसाला दुसऱ्या वर्षी ढाणकीत कुणी उधारीवर बियाणं देत नाही, दुकानाचा गाळा भाड्यानं मिळत नाही, आणि हे कुणी केलं ते कधी कळत नाही. माझाही गाळा भाड्याचाच आहे.

साडेअकराला तो आला. दुकानात तेव्हा भगत गुरुजी होते. निवृत्त मास्तर, फोनला काच बसवायला आले होते. बंडूशेठ स्टुलावर बसला, घाम पुसला.

"गौतम, काम लय हाय का रे?"

"चालू हाय शेठ."

"सुनंदा आलती का इथं? देविदासची बायको?"

आणि मी म्हणालो, "कोन सुनंदा?"

इतकं बिनडोक खोटं मी आयुष्यात बोललो नसेन. बंडूशेठ हसला. त्यानं खिशातून फोन काढला, बोटानं दोनदा टिचकी मारली आणि माझ्याकडे बघत राहिला.

माझ्या मांडीपाशी ड्रॉवर किंचाळला.

मी दचकलो तो स्टुलासकट मागं सरकलो. गुरुजींच्या हातातला चष्मा पडला. ड्रॉवरच्या आत फोन पूर्ण आवाजात वाजत होता आणि पत्रा थरथरत होता. समोरच्या चहावाल्यानं वळून पाहिलं. पाच-दहा सेकंद असतील, पण मला वाटलं आता सगळं गाव गोळा होणार. मग बंडूशेठनं पुन्हा टिचकी मारली. फोन गप्प झाला.

गुरुजींनी चष्मा उचलला. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "शेठ, बोट तुमी इथं दाबलं अन् फोन तिथं वाजला. हे कसं काय?"

"नवीन सिस्टीम हाय गुरुजी."

"पन थो फोन तं तुमचा नाही न?"

बंडूशेठनं फोन खिशात घातला. गुरुजी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघून, काच न बसवताच निघून गेले. मला त्यांना हाक मारून थांबवावंसं वाटत होतं. एकट्याला सोडून जाऊ नका म्हणावंसं वाटत होतं. पण मी हाक मारली नाही.

मग बंडूशेठनं स्टूल जवळ ओढलं. गुडघ्याला गुडघा लागेल इतकं. आवाज अगदी मऊ.

"प्रज्ञा कशी हाय रे? यवतमाळले हाय न शिकाले?"

"हाय."

"हुशार पोरगी. सकाळी कॉलेजात, दुपारून लायब्ररीत. काल मात्र संध्याकाळी एसटी स्टँडवर वीस मिनिटं उभी होती. एकलीच. असं एकलं उभं राहू नये पोरीनं."

प्रज्ञाचा फोन मीच सुरू करून दिला होता. पासवर्ड प्रज्ञा आणि शेवटचे चार आकडे. जिच्या नावानं मी सगळ्या गावाला कुलपं लावली, तिला स्वतःलाही तेच कुलूप लावलं होतं. माझ्या लेकराचा ठिपका या माणसाच्या खिशात फिरत होता. मी बाप असून मला ती काल स्टँडवर होती हे माहीत नव्हतं. याला माहीत होतं.

"सुनंदा कुठी गेली?" त्यानं विचारलं.

"मले माहीत नाही शेठ. आईशप्पथ."

"अंदाज सांग."

"महागाव." माझ्या तोंडून आपोआप निघालं. "दहाच्या गाडीनं. तिची मावशी हाय तिकडं."

त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. उठला. जीप महागावच्या रस्त्याला लागलेली मी दुकानातून पाहिली.

यावर काही पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. त्यानं मला मारलं नव्हतं, धमकी दिली असं कोर्टात सांगता येईल असा एक शब्दही तो बोलला नव्हता. माझ्या मुलीची चौकशी केली होती, बस्स. तेवढ्यावर मी ती बाई विकली.

पहिला फोन प्रज्ञाला केला. उचलला नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा नाही. त्या पाच मिनिटांत माझ्या मनात काय काय आलं ते मी आजही बायकोला सांगितलेलं नाही. चौथ्यांदा ती हळू आवाजात बोलली, "पप्पा, लायब्ररीत आहे, काय झालं?" मला रडू फुटलं. ती घाबरली. मी म्हणालो, "बाहेर ये अन् मी सांगतो तसं कर. काहून ते मागून विचार." खात्यात जा. कुठले फोन जोडलेत बघ. तिला दुसरा फोन दिसला, तेच मॉडेल. आधी पासवर्ड बदल, मग तो फोन काढून टाक. खात्याची चावी हरवली तर परत मिळवायचा नंबर माझ्या दुकानाचा आहे, तिथं तुझा टाक. दुसरं कुलूपही लाव, म्हणजे पासवर्ड कळला तरी तुझ्या फोनवर आलेला आकडा टाकल्याशिवाय कुणाला आत येता येणार नाही.

"झालं पप्पा. नवीन पासवर्ड सांगू?"

"नको," मी म्हणालो. "मले नको सांगू. कोनालेच नको."

ते झाल्यावर सुनंदाबाईंची आठवण आली. त्यांना सावध करायला हवं होतं. मी मोबाईल उचलला, नंबर लावला, आणि माझ्याच ड्रॉवरमध्ये रिंग वाजली.

फोन ठेवून दिला. देविदासकडे फोन नव्हता. महागावच्या रस्त्याला त्यांची मावशी कुठल्या गावी राहते हे मला ठाऊक नव्हतं. तिकडं मोटारसायकल काढून जावं, तर बंडूशेठ तिथंच असणार. मी गेलो नाही. भीतीनंच गेलो नाही. चार वाजेपर्यंत दुकानात बसून राहिलो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आज काम बंद आहे म्हणून सांगितलं. दर थोड्या वेळानं ड्रॉवर उघडून बघायचो. फोन चालूच होता. म्हणजे निदान तेवढं सांगितलेलं काम मी करत होतो.

साडेपाचला सुनंदाबाई पायरी चढून आल्या. रुमाल सोडला, स्टुलावर बसल्या, पाणी मागितलं. मग पदराच्या गाठीतून घडी केलेला कागद काढला. समितीची पोच होती. बाटली एक, अर्धी भरलेली, सीलबंद करून घेतली. बॅच नंबर, सही, शिक्का.

मी कागद तीनदा वाचला. "पन थो तं महागावकडं..." मी म्हणालो.

"मी तिकडं गेलीच नाही भाऊ. पैनगंगेच्या अंगाले गेलती, बाटली तिकडच्या गावात होती. वेचणीवाल्या बायाईच्या ॲटोत. बाटली वेचणीच्या झोळीत, वरतून कापूस. तशीच उमरखेडले नेली."

"अन् मावशी?"

"माह्या मायले बहीणच नाही."

मला समजायला जरा वेळ लागला. आदल्या दिवशी पायरी उतरताना विचारलेला गाडीचा टाइम माझ्यासाठी नव्हता. माझ्यामार्फत बंडूशेठसाठी होता.

"म्हन्जे मी सांगीन, हे तुमाले माहीत होतं?"

त्या पाणी पीत होत्या. ग्लास खाली ठेवला. "तुमी भले मानूस हा भाऊ. पन तुमचं दुकान त्याच्या रस्त्यावर हाय अन् पोरगी यवतमाळले हाय. तुमी किती वेळ दम धरान?"

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. फोन कुठून फुटतो हे मला शोधायला तास लागला होता. मी कुठून फुटेन हे त्या बाईंनी पायरी उतरता उतरता ओळखलं होतं.

मग त्यांनी फोन पुढं ओढला. दुसरा फोन खात्यातून कसा काढायचा ते मी दाखवलं, काढला त्यांनी स्वतः. नवा पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा त्या थांबल्या.

"भाऊ, तिकडं पाहा."

मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर माझ्याच दुकानाचं कॅलेंडर होतं. मागं बोटांचा टकटक आवाज येत होता. बराच मोठा पासवर्ड असावा.

पुढचं थोडक्यात सांगतो. बाटलीतलं औषध लेबलावरचं नव्हतं, असा रिपोर्ट आला. बंडूशेठचा परवाना काही महिने बंद राहिला. नंतर तेच दुकान त्याच्या मेहुण्याच्या नावानं, रस्त्याच्या पलीकडे सुरू झालं. फोनच्या प्रकरणी आम्ही पोलिसांत अर्ज दिला. बंडूशेठच्या बोटानं दुसऱ्याचा फोन वाजताना मी पाहिला, असं भगत गुरुजींनी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. सत्तरीचा माणूस घाबरला नाही. अर्ज अजून चौकशीत आहे. देविदासला आता माणूस ओळखू येतो, अक्षर लागत नाही. माझ्या गाळ्याचं भाडं पुढच्याच महिन्यात वाढलं. कुणी वाढवलं ते विचारायची सोय नव्हती.

मी गिऱ्हाइकांना एकेक करून बोलावलं आणि पासवर्ड बदलून घ्यायला सांगितलं. निम्मे लोक चिडले. "आता हे कोन ध्यानात ठेवन बाप्पा? तुमच्याकडंच राहू द्या न, आमचा तुमच्यावर भरोसा हाय." त्यांना मी काय सांगणार? त्या गुरुवारी माझ्यावरचा भरोसा एका बापाच्या भीतीएवढाच टिकला होता. मी एवढंच म्हणायचो, कागदावर लिहा, घरात धान्याच्या कोठीत ठेवा, पण मला सांगू नका. मला माहीत नसलेली गोष्ट माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

दुकानात आता स्टूल नाही. फिरती खुर्ची आणली आहे. पासवर्डची वेळ आली की मी न सांगता भिंतीकडे वळतो. नवं गिऱ्हाईक हसतं. हसू दे. वीस वर्षांत मी हजारो फोन दुरुस्त केले, पण ही एक दुरुस्ती माझी स्वतःची आहे, आणि ती मला एका बाईनं शिकवली जिनं माझ्यावर भरोसा ठेवला नाही, म्हणूनच ती बाटली पोचली.